रशियन कवितेत मुक्तछंदाला एवढा उशीर का झाला

आपल्यापैकी बहुतेकांनी रशियन कविता वाचलेली असते ती अनुवादातून, मराठी नाहीतर इंग्रजी, आणि तिथेच एक मोठी गडबड होते. पुश्किन घ्या, अख्मातोवा घ्या, मायकोव्स्की घ्या, अनुवादात आले की बऱ्याचदा सगळे एकसारखेच दिसायला लागतात. लहानमोठ्या ओळी, यमक नाही, वृत्त नाही, म्हणजे आपल्या भाषेत मुक्तछंद. मग वाचणाऱ्याला वाटतं की रशियन लोक तर पहिल्यापासूनच असं मोकळं लिहितायत. खरं तर अगदी उलटं आहे. विसाव्या शतकात युरोपातल्या कितीतरी भाषांनी यमक आणि वृत्त बऱ्यापैकी बाजूला ठेवलं, पण रशियन कविता मात्र ते घट्ट धरून राहिली, पार १९८० च्या दशकापर्यंत छापील रशियन कवितेत मुक्तछंद हा कोपऱ्यातला प्रकार होता. आपल्याकडे अनिलांची 'भग्नमूर्ती' १९४० ची, आणि तेव्हापासून मराठीत मुक्तछंद हळूहळू इतका रुळला की आज कुणी वृत्तात लिहिलं तर उलट त्याच्याकडे वळून बघतात. रशियात मात्र १९७० मध्येसुद्धा मुक्तछंदात लिहिणाऱ्याला आधी हे सिद्ध करावं लागायचं की बाबा ही कविताच आहे.

असं का झालं हे मला खूप महत्त्वाचं वाटतं, कारण सगळीकडे त्याचं उत्तर एका ओळीत गुंडाळलेलं असतं, की सोव्हिएत सेन्सॉरशिप होती म्हणून. ते खरं आहे पण अर्धंच. माझं म्हणणं असं आहे की रशियात यमक आणि वृत्त एक असं काम करत होतं जे त्या काळात दुसरं कुणीच करू शकत नव्हतं, आणि ते काम जोपर्यंत शिल्लक होतं तोपर्यंत मुक्तछंदाला पुढच्या दाराने यायला जागाच नव्हती, तो आला तो बाजूच्या दारांनी.

आधी रशियन वृत्त म्हणजे काय ते बघू, म्हणजे मुक्त कशापासून व्हायचं होतं ते कळेल. आपलं अक्षरगणवृत्त लघु-गुरूवर चालतं. रशियनमध्ये लघु-गुरू नाही, आघात आहे. प्रत्येक शब्दात एका अक्षरावर जोर येतो आणि तो कुठे येईल याचा ठरलेला नियम नाही, 'झामक' असं पहिल्यावर जोर देऊन म्हटलं तर गढी आणि 'झमोक' असं शेवटी जोर देऊन म्हटलं तर कुलूप, लिहिताना दोन्ही सेम. तर हा जोर म्हणजे 'गा' आणि बिनजोराचं अक्षर म्हणजे 'ल' असं समजा, की रशियन वृत्तं आपल्याला लगेच ओळखीची वाटायला लागतात. त्यांचं सगळ्यात लाडकं वृत्त आयांब, म्हणजे लगा लगा लगा लगा. तीन अक्षरी गट घेतले तर डॅक्टिल म्हणजे आपला भ गण, अँफिब्राख म्हणजे ज गण, अ‍ॅनापेस्ट म्हणजे स गण. शाळेत 'यमाताराजभानसलगं' घोकलेल्या कुणालाही रशियन छंदशास्त्र दहा मिनिटांत समजेल, मी मनापासून सांगतोय.

आणि ही पद्धत रशियात फार जुनी नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १७३५ मध्ये त्रेदियाकोव्स्कीने रशियन पद्यरचनेवर पुस्तक काढलं, मग १७३९ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला खाणविद्या शिकायला गेलेल्या लोमोनोसोव्हने तिथून पत्र पाठवलं की रशियन कवितेचे नियम असे असायला हवेत, आणि सोबत खोतीनचा किल्ला जिंकल्याबद्दलची एक ओड, म्हणजे स्तुतीची लांब कविता, जोडून दिली, सगळी आयांबमध्ये. तिथून खरी गाडी सुरू झाली. म्हणजे पुश्किन लिहायला लागला तेव्हा हे तंत्र शंभर वर्षांचंसुद्धा नव्हतं. इंग्रजी किंवा फ्रेंच कवी १९०० च्या आसपास यमकांना कंटाळले त्याचं एक कारण हे की चांगली चांगली यमकं शतकानुशतकं वापरून झिजली होती. रशियनमध्ये एक तर सुरुवात उशिरा, त्यात विभक्तीचे प्रत्यय ढीगभर, शब्दांचा क्रम हवा तसा फिरवता येतो, शब्द लांब लांब, त्यामुळे नवीन यमक सापडतच राहतं. अजूनही सापडतं.

त्याआधी रशियात पद्य नव्हतं असं नाही हं. लोकगाथा होत्या, चर्चमध्ये स्लाव भाषेतली स्तोत्रं होती, त्यांना ठरावीक मात्रा नाहीत पण लय आहे, आणि शतकानुशतकं लोक ती कानावर घेत होते. जत्रेतल्या खेळवाल्यांची एक बोली होती, रायोश्निक म्हणतात तिला, तिच्यात वृत्त नाही पण यमक ठणठणीत, पुश्किनने पाद्री आणि त्याचा गडी बाल्दा यांची गोष्ट याच बोलीत लिहिली, १८३० मध्ये. अठराव्या शतकात सुमारोकोव्हने बायबलमधली काही स्तोत्रं मुळात जशी आहेत तशी, वृत्त-यमकाशिवाय रशियनमध्ये आणून बघितली होती. म्हणजे बी होतंच जमिनीत.

आता एक घोळ इथेच निस्तरून टाकू कारण नेटवर वाचताना हमखास फसायला होतं. यमक नसलं की मुक्तछंद, असं नाही. पुश्किनचं 'बोरिस गदुनोव' हे नाटक बहुतांशी यमकाशिवाय आहे पण आयांब पक्का आहे, त्याला रशियनमध्ये 'पांढरं पद्य' म्हणतात. ओळी लहानमोठ्या असल्या की मुक्तछंद, असंही नाही. क्रिलोव्हच्या प्राण्यांच्या गोष्टी किंवा ग्रिबोयेदोव्हचं 'बुद्धीमुळे भोग' हे नाटक, यांत ओळ कधी दोन शब्दांची तर कधी लांबलचक, पण वृत्त आहे आणि यमकही आहे. मुक्तछंद, ज्याला ते फ्रेंचवरून 'वेर्लिब्र' म्हणतात, त्यात दोन्ही नसतं. ना वृत्त ना यमक ना ठरलेली अक्षरसंख्या. उरते फक्त ओळ. कवीने ओळ कुठे तोडली, एवढंच.

एकोणिसाव्या शतकात हे पहिल्यांदा जे दिसतं ते अनुवादाच्या जवळपास दिसतं, आणि हा पॅटर्न पुढे सारखा येणार आहे. जर्मन कवी हाइनेने १८२५-२६ च्या सुमारास 'उत्तर समुद्र' नावाच्या कविता मोकळ्या लयीत लिहिल्या, रशियन अनुवादक त्या आपल्या भाषेत आणायला लागले आणि त्या नादात रशियनमध्येही तसा आवाज यायला लागला. अफानासी फेतने १८४० च्या दशकातच अशा थोड्या कविता लिहून ठेवल्या, रात्र, समुद्र, मोकळा श्वास असं सगळं असलेल्या. पण त्याने त्याचं काही आंदोलन केलं नाही, लिहिल्या आणि परत आपल्या गोड वृत्तांकडे गेला.

खरी सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मिखाईल कुझमिन, जो संगीतकारही होता, त्याने 'अलेक्झांड्रियाची गाणी' लिहिली, १९०६ मध्ये त्यातली काही छापून आली. प्राचीन इजिप्तमधलं शहर, प्रेम, समुद्र, आणि ओळी कशा, तर 'मला कुणी म्हणालं: अलेक्झांड्रिया, की मला दिसतात घराच्या पांढऱ्या भिंती, लहानशी बाग, शरदातल्या संध्याकाळचं फिकट ऊन आणि ऐकू येतात लांबच्या बासऱ्या'. साधं बोलणं आहे, पण 'मला कुणी म्हणालं: अलेक्झांड्रिया' हे पुन्हा पुन्हा येतं आणि त्या परत येण्यातून लय तयार होते.

आणि मग १९०८ मध्ये ब्लोक. अलेक्सांद्र ब्लोक म्हणजे त्या काळातला सगळ्यात सुरेल कवी, त्याच्या कविता लोक गुणगुणत असत, आणि या माणसाने फेब्रुवारीत एक कविता लिहिली जी मला आजही मुक्तछंद समजावून सांगायला सगळ्यात उपयोगी वाटते. तिची सुरुवात मराठीत अशी करता येईल:

ती आली बाहेरच्या थंडीतून,
लालबुंद,
खोली भरून टाकली तिने
हवेच्या आणि अत्तराच्या वासाने,
खणखणीत आवाजाने
आणि कामाचा जराही मान न ठेवणाऱ्या
बडबडीने.

पुढे काय होतं तर ती एका कलाविषयक मासिकाचा जाडजूड अंक धाडकन जमिनीवर टाकते आणि त्याला वाटतं की आपल्या एवढ्या मोठ्या खोलीत जागाच उरली नाही. मग ती म्हणते मॅकबेथ वाचून दाखव. तो वाचतो, 'पृथ्वीचे बुडबुडे' या जागेपर्यंत येतो आणि बघतो तर ही खिडकीबाहेर टक लावून बसलीये, कारण छपराच्या कडेकडेने एक मोठा कबरा बोका कसाबसा चिकटून सरकतोय, आणि त्याचा डोळा आहे एकमेकांची चुंबनं घेणाऱ्या कबुतरांवर. तो चिडतो. सगळ्यात जास्त कशावर चिडतो, तर चुंबन आपण नाही घेतोय, कबुतरं घेतायत यावर, आणि पाओलो-फ्रांचेस्काचे (दान्तेच्या काव्यातलं प्रेमी जोडपं) दिवस आता गेले यावर.

आता हे गद्यात सलग लिहिलं असतं तर? गोष्ट तीच राहिली असती, छान छोटा किस्सा. पण बघा, 'लालबुंद' हा शब्द एकटा एका ओळीत आहे (रशियनमध्येही तो एकच लांबलचक शब्द आहे), त्यामुळे वाचताना आपण तिथे थांबतो आणि तिचा चेहरा दिसतो. 'कामाचा जराही मान न ठेवणाऱ्या' ही ओळ जरा ताठ, ऑफिसातल्या साहेबासारखी आहे, तो माणूस टेबलाशी बसून शिस्तीत काहीतरी करत होता हे त्या भाषेवरूनच कळतं, आणि मग ओळ तुटते आणि खाली नुसतं 'बडबडीने'. पोरीने सगळी शिस्त एका शब्दात मोडली. हे वृत्ताने केलेलं नाही, यमकाने केलेलं नाही, हे ओळ तोडण्याने केलंय. यूरी तिन्यानोव्ह या अभ्यासकाने १९२४ मध्ये कवितेच्या भाषेवरच्या पुस्तकात साधारण हेच मांडलं, की एका ओळीत आलेले शब्द एकमेकांना घट्ट चिकटतात, त्यांच्यात गद्यात नसलेलं नातं तयार होतं, आणि मुक्तछंदात बाकी सगळं काढून घेतल्यामुळे ही गोष्ट उलट जास्त स्पष्ट दिसते. ज्यांना वाटतं की मुक्तछंद म्हणजे गद्याला एंटर मारत जायचं, त्यांनी ब्लोकची ही एक कविता सावकाश वाचावी.

ख्लेबनिकोव्ह या कवीचंही बघायला हवं. १९१२ च्या आसपासची चार ओळींची कविता:

घोडे मरतात तेव्हा श्वास घेतात,
गवतं मरतात तेव्हा वाळतात,
सूर्य मरतात तेव्हा ते विझतात,
माणसं मरतात तेव्हा गाणी गातात.

यमक म्हणून काही जुळवलेलं नाही, मराठीत क्रियापदं शेवटी येतात म्हणून उगाच तसं वाटतं, रशियनमध्ये शेवटचे शब्द वेगवेगळे पडतात. सगळं काम 'मरतात तेव्हा' च्या चार वेळा येण्यावर चाललंय, आणि तिसऱ्या ओळीत तो एक जादा 'ते' आहे, तेवढ्याने सूर्यापाशी आवाज किंचित लांबतो. हे स्तोत्रासारखं आहे, जुन्या रशियन कानाला परकं नाहीच. मांदेलश्तामसुद्धा, जो वृत्तांचा इतका पक्का माणूस, त्याने १९२३ मध्ये 'ज्याला घोड्याची नाल सापडली' ही लांब कविता पूर्ण मुक्तछंदात लिहिली. म्हणजे १९२० च्या दशकात रशियन कवितेला हे सगळं येत होतं, दार उघडं होतं.

मायकोव्स्कीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. त्याच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या ओळी बघून सगळेच म्हणतात की हा तर मुक्तछंदाचा बाप. नाही. पायऱ्या त्याने १९२३ पासून सुरू केल्या आणि त्या कशा वाचायच्या, कुठे थांबायचं याच्या खुणा आहेत. पायऱ्या काढून ओळी सरळ मांडल्या की खाली चार-चार ओळींची कडवी निघतात आणि यमक असं दणकट की ऐकणारा हादरतो. अक्षरं मोजत नाही तो, आघात मोजतो, एवढाच फरक. कविता कशी करायची यावर १९२६ मध्ये लिहिलेल्या लेखात त्याने स्पष्टच म्हटलंय की यमकाशिवाय कविता विस्कटून जाईल. गंमत अशी की जगभरात, तुर्कीपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत, ज्यांनी त्याच्याकडे बघून मोकळं लिहायला सुरुवात केली त्यांनी त्याचं यमक ऐकलंच नाही, पायऱ्या तेवढ्या बघितल्या.

मग दार बंद का झालं? एक कारण सरकारी, ते पटकन सांगतो. १९३४ मध्ये लेखक संघाची पहिली परिषद झाली, समाजवादी वास्तववाद ही अधिकृत लाईन झाली, १९३६ पासून 'फॉर्मलिझम'च्या (म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपाचे खेळ करण्याच्या आरोपाच्या) नावाने मोहीम सुरू झाली आणि जे जे वेगळं दिसेल ते पाश्चात्त्य, सडकं, जनतेला न कळणारं ठरलं. मुक्तछंद त्यात आलाच.

पण दुसरं कारण मला जास्त खोल वाटतं. त्याच वर्षांत अख्मातोवा 'रेक्विएम' लिहीत होती. मुलगा तुरुंगात, घरात झडती कधीही होऊ शकते, भिंतीला कान. ती कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहायची, मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया समोर बसलेली, तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, लिदिया कागद वाचून पाठ करायची, परत द्यायची, आणि अख्मातोवा तो ॲशट्रेवर धरून जाळायची. ही कविता बरीच वर्षं काही माणसांच्या डोक्यातच राहत होती. मांदेलश्ताम १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या कैद्यांच्या छावणीत वारला, त्याच्या कविता टिकल्या कारण बायको नादेझ्दाने त्या वर्षानुवर्षं मनात म्हणत पाठ ठेवल्या. सोल्झेनित्सिन छावणीत हजारो ओळी मनातल्या मनात रचायचा आणि ओळींचा हिशोब ठेवायला त्याच्याकडे पावाच्या गोळ्यांची जपमाळ होती, लिथुआनियन कैद्यांनी करून दिलेली.

जिथे कागद जवळ असणं हाच पुरावा ठरू शकतो तिथे यमक हा दागिना राहत नाही, ती खुंटी होते, जिच्यावर ओळ टांगून ठेवता येते. पाठ म्हणताना एखादा शब्द निसटला तर वृत्त लगेच सांगतं की इथे दोन अक्षरं कमी पडतायत, आणि यमक सांगतं की शेवट काय असणार. मुक्तछंदात हे होत नाही, तिथे शब्द बदलला तरी कुणाला कळणार नाही. त्यामुळे रशियन वाचकाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की जी कविता पाठ होते ती खरी, जी पाठ होत नाही ती काय कामाची. शाळेतही तेच, पाठ करून उभं राहून म्हणायचं. मग १९६० च्या दशकात येव्तुशेन्को आणि वोझ्नेसेन्स्की पॉलिटेक्निक म्युझियमच्या हॉलमध्ये, लुझ्निकीच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर कविता म्हणायला लागले, तिथेही यमकच चालणार, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत तेच पोचतं.

त्या काळातही अपवाद होतेच. क्सेनिया नेक्रासोवा नावाची एक कवयित्री, १९१२ चा जन्म, गरिबीत काढलेलं आयुष्य, लोक तिला वेडसर समजायचे, आणि ती शांतपणे मुक्तछंदात लिहीत राहिली. झाडं, निळा रंग, मातीची भांडी, रस्त्यावरची माणसं. जिवंतपणी एकच बारीकसं पुस्तक निघालं, १९५५ मध्ये, आणि १९५८ मध्ये ती गेली. रॉबर्ट फाल्क या चित्रकाराने लाल कपड्यात बसलेली तिची आकृती रंगवलीये, ते चित्र जरूर शोधून बघा.

आता बाजूची दारं. पहिलं दार अनुवादाचं. वॉल्ट व्हिटमन रशियनमध्ये आणला कोर्नेई चुकोव्स्कीने, पहिलं पुस्तक १९०७ मध्ये, आणि पुढे आयुष्यभर तो ते सुधारत वाढवत राहिला. सोव्हिएत काळात तर एक विचित्र परिस्थिती झाली: पाब्लो नेरुदा, पॉल एलुआर, ब्रेख्त, नाझिम हिकमत हे सगळे कम्युनिस्ट किंवा कम्युनिस्टांचे मित्र, त्यामुळे त्यांना छापायलाच हवं, आणि ते लिहितात मुक्तछंदात! हिकमत तर तरुणपणी मॉस्कोत शिकलेला आणि १९५१ पासून १९६३ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच राहत होता. म्हणजे परदेशी कवीच्या नावाखाली जे छापून यायचं तेच रशियन कवीने स्वतःच्या नावाने दिलं की संपादक म्हणणार, ही कविता नाही. म्हणून बघा, १९५०-६० नंतरचे जे मुक्तछंदवाले आहेत त्यातले कितीतरी जण अनुवादकही आहेत. व्याचेस्लाव कुप्रियानोव्ह जर्मनमधून अनुवाद करायचा, व्लादिमीर बूरिचही अनुवादावरच जगायचा.

बूरिच (१९३२–१९९४) हा माझ्या मते या सगळ्यांत सगळ्यात विचारी माणूस. त्याचं म्हणणं होतं की यमक-वृत्तातली कविता ही एक करारावर चालणारी गोष्ट आहे, यमकासाठी कवीला असं काहीतरी म्हणावं लागतं जे त्याला म्हणायचंच नव्हतं. मला हे पूर्ण पटत नाही, कारण कधी कधी यमकच कवीला अशा ठिकाणी घेऊन जातं जिथे तो स्वतःहून गेला नसता. पण त्याची एक कविता वाचली की त्याला काय हवं होतं ते कळतं. जग युद्धानंतरच्या माणसांनी आणि युद्धानंतरच्या वस्तूंनी भरलंय, आणि जुन्या पत्रांमध्ये त्याला युद्धाच्या आधीच्या साबणाचा एक तुकडा सापडतो, आणि कळत नाही की याने हात धुवायचे की रडायचं. धुणं आणि रडणं, एकेका ओळीत एकेकच शब्द, मधे काही नाही. इथे यमक असतं तर साबण सुंदर झाला असता आणि कविता गेली असती. या माणसाचं स्वतःचं पुस्तक, 'तेक्स्ती', यायला १९८९ साल उजाडलं.

लेनिनग्राडमध्ये गेन्नादी अलेक्सेयेव होता, वास्तुकलेचा माणूस, त्याचं 'पुलांवर' हे पुस्तक १९७६ मध्ये कसंबसं निघालं. मूळचा एस्टोनियाचा आर्वो मेत्स रशियनमध्ये अगदी चिमुकल्या कविता लिहायचा. आणि १९७२ मध्ये 'वोप्रोसी लितेरातुरी' या मासिकात मोठी चर्चा झाली, मुक्तछंद नक्की कशापासून मुक्त नाही अशा नावाची, तिच्यात बूरिच आणि कुप्रियानोव्ह एका बाजूला आणि वृत्तात लिहिणारे नामवंत कवीही बोलायला होते. त्यातून निकाल काही लागला नाही, पण अधिकृत मासिकात हा विषय उघडपणे बोलला गेला हेच मोठं होतं.

दुसरं बाजूचं दार, काठावरून आलेलं, म्हणजे गेन्नादी ऐगी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. ऐगी (१९३४–२००६) रशियातल्याच चुवाशिया या प्रदेशातल्या शायमुर्झिनो खेड्यातला, मातृभाषा चुवाश, ही तुर्की कुळातली भाषा. मॉस्कोच्या साहित्य संस्थेत शिकायला आला, पास्तरनाकच्या सहवासात आला, आणि १९५८ मध्ये पास्तरनाकला नोबेल मिळाल्यावर जो गदारोळ झाला त्या वर्षीच ऐगीला संस्थेतून काढून टाकलं. पास्तरनाकनेच त्याला सांगितलं होतं की रशियनमध्ये लिही. पुढे दहा वर्षं तो मायकोव्स्की म्युझियममध्ये नोकरी करत होता. रशियनमधल्या त्याच्या कविता आपल्याच देशात जवळजवळ छापल्या गेल्या नाहीत, पुस्तकं निघाली म्युनिकला, पॅरिसला, मॉस्कोत पहिलं रशियन पुस्तक निघालं १९९१ मध्ये.

त्याच्या कवितेत शेत, बर्फ, झोप, शांतता हे शब्द सारखे येतात, आणि विरामचिन्हं अशी वापरलेली की कोलन, डॅश, कंस हेच जणू शब्द आहेत. मधे भरपूर मोकळी जागा. एका कवितेचं शीर्षक साधारण असं आहे: 'कविता-शीर्षक: कापणी झालेल्या शेतावरून उडत जाणारं पांढरं फुलपाखरू'. आणि खाली काही नाही. पान कोरं. पहिल्यांदा वाटतं हा काय प्रकार, पण पांढरं फुलपाखरू पांढऱ्या पानावर, आणि शेतात पीक शिल्लक नाही, तर खाली लिहिणार तरी काय. मला वाटतं रशियन ही त्याची दुसरी भाषा असल्यामुळे त्याच्या कानात पुश्किनचा आयांब आपोआप वाजत नव्हता, त्याला तो ठेका तोडावा लागला नाही, तो दुसरीकडूनच आला, चुवाश गाण्यांमधून आणि फ्रेंच कवितेतून, जी तो चुवाशमध्ये आणत होता.

तिसरं दार तळघरातलं. मॉस्कोबाहेर लियानोझोवो नावाच्या वस्तीत बराकीतल्या एका खोलीत चित्रकार आणि कवी जमायचे, खोलिन, सापगीर, सातुनोव्स्की, व्सेवोलोद नेक्रासोव. त्यांनी बराकीतल्या लोकांची भाषा कवितेत आणली, तुटकी, कोरडी, अर्धवट सोडलेली वाक्यं. आणि १९७० च्या दशकात लेव्ह रुबिनश्तेइन, लायब्ररीत काम करायचा, त्याने कविता कॅटलॉगच्या कार्डांवर लिहायला घेतली. एका कार्डावर एक ओळ, कधी नुसतंच 'हो का?' किंवा कुणाचं तरी ऐकलेलं अर्धं वाक्य, आणि वाचताना तो एकेक कार्ड उचलून वाचून खाली ठेवायचा. ओळ तोडणं म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट कुणी करून दाखवलं नसेल, इथे ओळ खरोखर हातात घेता येते. जानेवारी २०२४ मध्ये मॉस्कोत गाडीने उडवल्यामुळे तो गेला.

लेनिनग्राडच्या भूमिगत लेखकांनी १९७८ मध्ये आंद्रेई बेली पुरस्कार सुरू केला, बक्षीस एक रूबल, एक सफरचंद आणि व्होडकाची बाटली, आणि पहिल्याच वर्षी अर्कादी द्रागोमोश्चेन्कोला गद्यासाठी मिळाला, जो पुढे मुक्तछंदातला फार मोठा कवी ठरला.

याच्या अगदी समोर उभा ब्रॉडस्की. १९७२ मध्ये देशाबाहेर काढला गेलेला, १९८७ चा नोबेल, अमेरिकेत राहून, जिथे सगळे मुक्तछंदात लिहीत होते, तिथेही आयुष्यभर भांडत राहिला की वृत्त म्हणजे काळाची रचना आहे, ते टाकलं तर कविता टाकली. त्याच्या या अधिकारामुळे रशियन मुक्तछंदवाल्यांचं काम अजून अवघड झालं असं मला वाटतं, पण त्याचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे, ज्या पिढीने कविता टाईप करून आणि पाठ करून जपली तिचा तो माणूस.

१९९१ मध्ये 'रशियन मुक्तछंदाचं संकलन' हा जाडजूड ग्रंथ निघाला, कारेन झांगिरोव्हने केलेला, आणि त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने बदललं. कागद होता, छपाई होती, मग इंटरनेट आलं, कविता डोक्यात लपवून ठेवायची गरज संपली. दमित्री कुझमिनचं 'वोझ्दुख' मासिक २००६ पासून, किरिल मेद्वेदेव्ह, जो अमेरिकन कवी बुकोव्स्कीचा अनुवादक आणि त्याच बोलण्याच्या लयीत राजकीय कविता लिहिणारा, गालिना रिंबू, ओम्स्कमध्ये जन्मलेली आणि आता ल्विव्हमध्ये राहणारी. आजच्या तरुण रशियन कवींमध्ये मुक्तछंद ही सरळ नेहमीची गोष्ट आहे.

तरी यमक गेलेलं नाही, आणि २०२२ नंतर ते पुन्हा दिसलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियातून आणि रशियाबाहेरून युद्धाविरोधी कवितांचा पूर आला, त्यात मुक्तछंद भरपूर होता, पण दिग्दर्शिका झेन्या बेर्कोविचच्या यमकातल्या कविता फोनवरून फोनवर गेल्या, लोकांनी त्या म्हणून रेकॉर्ड केल्या. मे २०२३ मध्ये तिला अटक झाली, आणि जुलै २०२४ मध्ये एका नाटकाच्या निमित्ताने सहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून 'मुक्तछंद जिंकला, यमक हरलं' अशी मांडणी कुणी केली तर मी ती मानणार नाही. माणसं कधी कविता डोळ्यांनी वाचतात, कधी त्यांना ती तोंडात ठेवावी लागते, आणि रशियात दुसरी वेळ वारंवार येत राहिलीये.

वाचायला सुरुवात करायची असेल तर ब्लोकच्या त्या बोका-कबुतरांच्या कवितेपासून करा, तिचे इंग्रजी अनुवाद सहज मिळतात, यूट्यूबवर रशियनमधून वाचलेलीही ऐकता येईल, भाषा कळली नाही तरी ओळ कुठे तुटते ते ऐकू येतं. मग लगेच अख्मातोवाचं काहीतरी रशियनमधून ऐका, म्हणजे दोन्हीतला फरक कानालाच कळेल. ऐगी मात्र छापील पानावरच वाचा, मोबाईलच्या स्क्रीनवर त्याची मोकळी जागा खाली ढकलली जाते आणि कविता मोडते.